चक्करची गोळी

मामा,

तुला जाऊन सतरा दिवस झाले. दुकानाचा फोन अजून वाजतो. मामी उचलते. पलीकडून कोणीतरी विचारतं, "विलासभाऊ हैं क्या?" मामी "नहीं हैं" एवढंच म्हणते. पुढचं तिच्या तोंडून निघत नाही. मग समोरचा म्हणतो, "अच्छा, शाम को करता हूँ," आणि फोन ठेवतो.

लोक तुझ्याबद्दल पुष्कळ बोलले. पस्तीस वर्षं एका काउंटरमागे उभा राहिलास, कोणाला चुकीचं औषध दिलं नाहीस, कोणाला परत पाठवलं नाहीस, असं सगळं. मी ऐकत होते. "चुकीचं औषध दिलं नाही" या वाक्याला तू असतास तर नाही म्हणून मान हलवली असतीस, हे फक्त मला आणि आईला माहीत होतं.

आई चांगली आहे. तू गेलास त्या दुपारी मी ऑटो बघत शनवाऱ्याच्या रस्त्यावर उभी होते, तोवर ती सिंधीपुऱ्यातल्या आमच्या घरातून पायीच तुझ्या घरी पोहोचली होती. नळाच्या लाइनीसाठी खोदलेला खड्डा तिने एकटीने ओलांडला. तुझ्याजवळ बसली आणि रडली. कपाळ, ओठ, हनुवटी, सगळं थरथरत होतं. बायका तिला "बस कर आक्का, बस कर" म्हणत होत्या. मी नाही म्हटलं. मी तिला रडताना बघत राहिले, कारण सात वर्षांपूर्वी तू गेला असतास तर ती रडू शकली नसती.

बाबा कागद कारखान्यातून रिटायर झाले आणि दोन वर्षांत गेले. आई कारखान्याचं क्वार्टर सोडून माझ्याकडे आली. आल्या-आल्याच तिला चक्कर यायला लागली. उठली की भिंत धरायची. आपल्या डॉक्टरांनी चक्करची एक गोळी लिहून दिली, पंधरा दिवसांसाठी. गुण आला. पंधरा दिवस संपल्यावर पुन्हा थोडं गरगरलं तेव्हा ती तुला म्हणाली, "विलास, ते गोळी चांगली व्हती रे." तू दुसऱ्या दिवशी त्या गोळ्यांची पट्टी घेऊन आलास. त्यानंतर दर महिन्याला बीपीच्या गोळीबरोबर तीही यायची. तू स्वतः आणून द्यायचास, दुकान उघडायच्या आधी. तिच्याकडे चहा प्यायचास, माहेरच्या, रावेरच्या आठवणी निघायच्या. ती गोळी आमच्या घरात औषध राहिलीच नाही. तुझ्या येण्याचाच एक भाग झाली.

बदल पहिल्यांदा चेहऱ्यावर दिसला. माझी मुलगी म्हणाली, "मम्मी, आजी मुझसे गुस्सा है क्या?" मी आईला विचारलं. ती म्हणाली, "नाही वं, काहून रागावू?" पण हे म्हणतानाही चेहरा तसाच राहिला. मग पावलं घासत पडायला लागली. मग सह्या बारीक व्हायला लागल्या, पेन्शनच्या कागदावर तर तिचं नाव शेवटी मुंगीएवढं झालं. उजव्या हाताचा अंगठा बोटांवर सारखा फिरायचा, जसं काही ती मीठ चोळते आहे.

त्या वर्षी अखजीला, अक्षय्य तृतीयेला, ती मांडे करायला बसली. तुला आठवतं ना, पुरणाची पोळी दोन्ही हातांवर फिरवून ती कोपरापर्यंत वाढवायची आणि अलगद खापरावर टाकायची. गल्लीतल्या सुना बघायला यायच्या. त्या दिवशी पोळी तिच्या हातावरच फाटली. दुसरी फाटली. तिसरी तिने टाकलीच नाही, हात तसेच हवेत धरून बसली. तू म्हणालास, "कणीक बराबर नसेल आक्का." ती उठून आत गेली. आपण दोघं बाहेर आल्यावर तू मला हळूच म्हणालास, "मंगल, वय झालं तिचं. भाऊजी गेले, त्याचाही धक्का आहे." मलाही ते पटलं. आपण दोघांनी मिळून तिला म्हातारी करून टाकलं. ती तेव्हा चौसष्ट वर्षांची होती.

मग मी तिला इंदूरला घेऊन गेले. तू दुकानामुळे येऊ शकला नाहीस. आता जे सांगते आहे ते मी तुला कधी सांगितलं नाही, मामा. तिथल्या डॉक्टरांनी आईला चालायला लावलं, हात वाकवून बघितले, आणि लिहिता-लिहिता मला विचारलं, "और कोई दवाई चल रही है?" मी म्हटलं, "नहीं. बस बीपी की." त्यांनी पुन्हा विचारलं, "और कुछ नहीं?" मी पुन्हा "नहीं" म्हटलं. मी खोटं बोलले नाही. ती गोळी माझ्या मनात आलीच नाही. ती दवाई थोडीच होती, ती तर मामा आणतो.

डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितलं आणि गोळ्या लिहिल्या. हात थोडे सुटले. आपण खूश झालो. दोन महिन्यांनी एका दुपारी मी शाळेत शिकवून आले, तर आई अंगणाच्या दारात उभी. म्हणाली, "मंगल, चहा ठेव. चार जणांचा." मी विचारलं, कोण आलंय? तिने अंगणाकडे बोट केलं. "तुह्या बाबांच्या खात्यातले हायेत. कवाचे बसले, कोणी पाणी बी नाही इचारलं." अंगणात कोणी नव्हतं. ते लोक रोज यायला लागले. खाकी कपडे, हातात डबे. तिला त्यांची भीती वाटत नव्हती. भीती मला वाटायची.

एके दिवशी ती बाबांचा डबा घेऊन घराबाहेर पडली. तीन तासांनी एका ऑटोवाल्याने तिला बसस्टँडवरून आणून सोडलं. म्हणाला, "अम्मा पेपर मिल की बस पूछ रही थीं." डब्यात भाकरी होती, ठेचा होता. सगळं नीट बांधलेलं. मग इथल्याच एका डॉक्टरांनी ते भास थांबवायची गोळी दिली. भास थांबले, आणि आठ दिवसांत आईसुद्धा थांबली. कूस बदलायला दोन माणसं लागायची. घास तोंडात तसाच राहायचा. डोळे उघडे असायचे, पण पापणी क्वचित लवायची. नातेवाईक येऊन बघून जायला लागले. माझ्या नणंदेने मला विचारलंसुद्धा, कोणाकोणाला कळवायचं ठरवलं आहे का.

तू त्या संध्याकाळी तिला पेज भरवत होतास. चमचा खाली ठेवून तू तिचा हात कोपरात वाकवलास, सोडलास, परत वाकवलास. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, गिऱ्हाइकाच्या वेळेला, तू दुकान बंद करून आलास. असं तू मामीच्या ऑपरेशनच्या दिवशीही केलं नव्हतंस. "आक्काचे सगळे कागद काढ," म्हणालास. हातात पेन्सिल घेऊन जमिनीवर बसलास आणि एकेक चिठ्ठी तारखेप्रमाणे लावलीस. पहिली चिठ्ठी आपल्या डॉक्टरांची होती. तिच्यावर तू बोट ठेवलंस.

"मंगल, ही पहिली गोळी. चक्करची. पंधरा दिवस लिहिलंय. मी अडीच वर्षं दिली."

मला काही कळलं नाही. मग तू मला समजावलंस. तुझ्या समजावण्याची पद्धत मला अजून आठवते, कारण त्यानंतर मी ती शाळेत दहा वेळा वापरली. मेंदूत डोपामिन नावाचं एक रसायन आहे, हात-पाय हलायचे तर त्याचा निरोप पोहोचावा लागतो, असं म्हणालास. निरोप बसतो त्या जागा ठरलेल्या असतात. "बसमध्ये लोक खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात ना, तसं ही गोळी करते. सीट रिकामीच, पण रुमाल पडलेला. डोपामिन येतं, बघतं, उभं राहतं. खऱ्या पार्किन्सनमध्ये पॅसेंजरच कमी पडतात. आक्काचे पॅसेंजर होते गं. सीटा अडवल्या होत्या. आणि आपण काय केलं? वरून आणखी पॅसेंजर भरले. ते भलतीकडे घुसले, तिला माणसं दिसायला लागली. मग माणसं घालवायला पुन्हा रुमाल टाकले. आधीपेक्षा मोठे."

"हे नक्की आहे?"

"नक्की डॉक्टर सांगतील. मी दुकानदार आहे. पण पुस्तकात लिहिलंय, वयस्कर माणसाला जास्त दिवस देऊ नका. काल काढून वाचलं. इतकी वर्षं ते पुस्तक माझ्या मागच्या फळीवर आहे."

तेव्हा मी तुला जे बोलले ते तुला पाठ असणार. "तू भाऊ आहेस की दुकानदार, हे तरी एकदा ठरव. गिऱ्हाइकाला विचारतोस, डॉक्टरला दाखवलं का. स्वतःच्या बहिणीला नाही विचारलंस." तू म्हणालास, "चूक माझी आहे." मी म्हटलं, "हो. तुझीच आहे." तू कागद गोळा केलेस, फाइलला लावलेस, आणि ती फाइल स्वतःबरोबर घेऊन गेलास.

पुढच्या आठवड्यात आपण तिघं इंदूरला दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. तू आधी एकटा आत जाऊन फाइल देऊन आलास. मग आम्हाला बोलावलं. डॉक्टरांनी आईला तपासलं, आणि मला एक शब्द न विचारता तुझ्याकडे वळले. "आप तो दवाई के आदमी हैं. आपसे ये कैसे छूट गया?" बरंच बोलले. तू हात बांधून उभा होतास, साठीला टेकलेला माणूस. मी आईची व्हीलचेअर धरून गप्प उभी राहिले. मला वाटलं, आता ते मला विचारतील, पहिल्या डॉक्टरांना का सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही. मला इतकं सुटल्यासारखं झालं की मी खाली बघत राहिले.

चक्करची गोळी त्यांनी त्याच दिवशी बंद केली. भासांची पायरी-पायरीने, पार्किन्सनची सगळ्यात सावकाश. म्हणाले, सहा महिने लागतील, वर्षही लागेल, आणि काहींचं पूर्ण परत येत नाही.

मग तू रोज चार वाजता यायला लागलास. हातांना सराव म्हणून तिला एका जुन्या ब्लाउजची बटणं लावायला द्यायचास आणि स्वतः पेपर वाचत बसायचास, घाई नसल्यासारखा. मी तुझ्याशी कामापुरतं बोलायचे. पहिला महिना काहीच झालं नाही. दुसऱ्या महिन्यात ती कूस बदलायला लागली. तिसऱ्या महिन्यात तू तिला पेपर मोठ्याने वाचून दाखवत होतास, केळीच्या लिलावाची बातमी, आणि चष्मा नसल्यामुळे रावेरच्या जागी दुसरंच काहीतरी वाचलंस. आई म्हणाली, "चुकीचं वाचून राह्यला." तू पेपर खाली केलास. तिच्या कपाळावर आठी होती. खरी, खोल, वैतागलेली आठी, लहानपणी तुझी पाटी बघताना पडायची तशी. तू मला हाक मारलीस, "मंगल, इकडं ये, आक्का रागावली." मी धावत आले आणि आपण दोघं तिची ती आठी बघत उभे राहिलो. तिला वाटलं आपल्याला वेड लागलंय.

आठ महिन्यांनी ती बिनआधाराने चालली. उजव्या हाताला किंचित कंप राहिला आहे, चहाच्या कपाला कळतो तेवढा. पुढच्या अखजीला मांडे झाले. थोडे लहान, पण फाटले नाहीत.

तिला सांगायचं की नाही यावर आपलं भांडण झालं. मी म्हटलं, नको, तिला तुझ्याशिवाय माहेरचं कोण आहे, तुझ्यावरचा विश्वास उडेल. तू म्हणालास, तिच्या शरीराचं आहे, तिला माहीत पाहिजे. आणि माझ्यासमोरच तू तिला सगळं सांगितलंस, रुमालासकट. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "मीच मांगली ना रे गोळी. तू तर लहानपणापासून मी जे मांगलं ते आणून देतो." आणि थोड्या वेळाने, "पण आता मले इचारल्याबिगर काही आणू नको." तू "नाही आणणार" म्हणालास. तिथे ते संपलं, तुमच्या दोघांपुरतं.

माझं संपलं नाही. मला सगळ्याच गोळ्यांचा राग आला होता. समोरच्या घरातली नसरीन, पॉवरलूमवाल्यांची मुलगी, तिला आवाज ऐकू यायचे आणि त्यासाठी ती तीन वर्षं औषध घेत होती. मी तिच्या अम्मीला सांगून बसले की बंद करून टाका, दिमाग सुन्न करतात या गोळ्या. तुला कळलं तेव्हा तू माझ्यावर जन्मात पहिल्यांदा आवाज चढवलास. "तिच्या सीटवर रुमाल लागतोच, मंगल. नाही टाकला तर सगळी बस अंगावर येते. जी गोळी आक्काला नको होती, तीच त्या पोरीला उभी ठेवते. गोळी कोणाला, किती आणि कुठवर, हे बघायचं असतं. मी ते बघितलं नाही. तूही तीच चूक करतेस, फक्त उलटी." तू स्वतः तिच्या घरी गेलास, आणि गोळी सुटली नाही. नसरीन आता घरीच शिलाई करते. तू गेल्याचं कळल्यावर ती आली होती, मामीजवळ तासभर बसली.

आपला एक वाद अर्धाच राहिला. मी तुला विचारलं होतं, एका गोळीने आईच्या चेहऱ्यावरचं हसू-रडू पुसलं जातं, दुसरीने अंगणात माणसं येतात, तिसरीने ती दगड होते, तर मग या सगळ्यात आई कुठे आहे? जे काही आहे ते रसायनच ना? तू काउंटरवर पट्ट्या लावत होतास. म्हणालास, "माणसं गोळीने आणली, मान्य. पण त्यांना चहा ठेव, हे कोणी सांगितलं? ते गोळीत नव्हतं. ती तुझी आई." मी म्हटलं, आणि दगड झाली होती तेव्हा? तू पट्टी हातात धरून विचार केलास. "ते मला नाही माहीत. इतकं मला नाही कळत." मी जिंकल्यासारखी घरी आले. आता वाटतं, अजून थोडा वेळ बसायला हवं होतं.

परवा मामीने मला आईची फाइल दिली. म्हणाली, "दुकानाच्या ड्रॉवरमध्ये होती, तुझ्याकडे राहू दे." सगळ्या चिठ्ठ्या तू लावल्या होत्यास त्याच क्रमाने आहेत. इंदूरच्या पहिल्या डॉक्टरांचा कागद मी तेव्हा नीट बघितलाच नव्हता. त्यावर छापील रकान्यात इंग्रजीत लिहिलं आहे, इतर औषधं: काही नाही. माहिती देणारी: मुलगी. त्या ओळीखाली तुझ्या पेन्सिलीची रेघ आहे. म्हणजे त्या दुपारी जमिनीवर बसून कागद लावताना तू ती वाचली होतीस. मी तुला "तुझीच चूक" म्हटलं, त्याच्या आधी.

त्या कागदामागे एक झेरॉक्स आहे. दुसऱ्या डॉक्टरांना तू आत जाऊन दिलेल्या पत्राची. तुझ्या तिरक्या अक्षरात, हिंदीत. आईचा सगळा क्रम लिहिला आहेस, कोणती गोळी कधी, कशाने काय झालं. शेवटी दोन ओळी आहेत. "चक्कर की गोली की बात पहले डॉक्टर साहब को बताना मुझसे रह गई. साथ में भानजी है, उसने माँ की बहुत सेवा की है, इस बारे में जो पूछना हो मुझसे पूछिए."

मामा, तू तिथे नव्हतासच. तुझ्याकडून राहायचं काय? मला दोनदा विचारलं होतं आणि मी दोनदा "नाही" म्हटलं होतं. तुला ते माहीत होतं. रोज चार वाजता तू येत होतास, मी तुझ्याशी तुटक बोलत होते, आणि तुला माहीत होतं. एकदाही तू ते माझ्यासमोर ठेवलं नाहीस. मीच ते तुझ्यासमोर ठेवलं असतं तर आपण दोघं मिळून ते वाहिलं असतं. तू म्हणाला असतास, "जाऊ दे, मंगल," आणि मला ते ऐकायला मिळालं असतं.

काल मी आईला पत्र वाचून दाखवलं आणि माझं "नाही"ही सांगितलं. मग पत्र हातात घेऊन तिने तुझ्या सहीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "ह्याले लहानपणी माह्या वाटचा मार खायची सवय व्हती."

पुढच्या महिन्यात तिची इंदूरला तपासणी आहे. तेच डॉक्टर आहेत. फाइल घेऊन मी आधी एकटी आत जाणार आहे. त्यांना तुझ्या पत्रातल्या त्या शेवटच्या ओळी दाखवीन आणि सांगेन, हे मामाकडून नाही, माझ्याकडून राहिलं होतं. त्यांना इतक्या वर्षांनी त्याचं काही वाटणार नाही, पेशंटला बाहेरून बोलवा म्हणतील. पण तुला त्या खोलीत जे ऐकावं लागलं, ते त्याच खोलीत परत घेतल्याशिवाय मला तुझे आभार मानता येणार नाहीत.